हॉल घुमतो, त्याचं काय करायचं?

(स्नेहमेळाव्यात शाळेच्या नव्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)

चेहऱ्यांनी फसवलं तरी आवाजावरून एकमेकांना ओळखणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

सकाळपासून सूत्रसंचालन करणाऱ्या आपल्या मैत्रिणीने तीनदा विचारलं, "मागे ऐकू येतंय ना?" आणि मागून तिन्ही वेळा उत्तर आलं, "काय?" सगळे हसले. पण पहिल्या रांगेत बसलेले आपले गणिताचे सर हसले नाहीत, कारण त्यांना प्रश्न आणि उत्तर, दोन्ही कळलं नव्हतं. त्यांच्या कानामागे यंत्र आहे. ते यंत्र माझा आवाज वाढवतं, तसा भिंतींवरून परत येणारा आवाजही वाढवतं. आपणही साठीच्या आसपास पोचलो आहोत. आज सरांचं जे होतंय ते दहा वर्षांत आपलंही होणार आहे.

मी इमारतींतल्या आवाजाचं काम करतो, म्हणून समितीने मला वीस मिनिटं दिली. समितीच्या पत्रात शाळेला द्यायच्या भेटींच्या यादीत पहिली ओळ आहे: सभागृहासाठी मोठी साउंड सिस्टिम. भावना चांगली आहे. माझी विनंती एवढीच की ती ओळ तूर्त खाली सरकवावी आणि तिच्या जागी दुसरी लिहावी. का, ते सांगतो.

ऐका. एक टाळी वाजवतो. ... संपली? नाही. अजून वरच्या कोपऱ्यात आहे. आता गेली.

या हॉलमध्ये आवाज कमी पडत नाही, तो उरतो फार. मराठी बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरं सहज बोलतो. पहिलं अक्षर विरायच्या आत पुढची दहा-बारा अक्षरं त्याच्यावर येऊन पडतात. स्वर ठसठशीत असतात, ते टिकतात. क, त, प, स ही व्यंजनं नाजूक असतात, ती त्या गर्दीत चिरडली जातात. म्हणून मागच्या रांगेला 'आवाज' येतो, शब्द येत नाहीत. आता मोठा स्पीकर लावला तर शब्द मोठा होईल आणि त्याची शेपटीही तेवढीच मोठी होईल. दोघांचं प्रमाण तेच राहील. बारीक उंच कॉलम स्पीकर आवाज लोकांच्या अंगावर सोडतात, छतावर कमी. त्यांनी थोडा फरक पडतो हे मान्य. पण घुमणाऱ्या खोलीत ते दुखऱ्या दाताला लवंग लावण्यासारखं.

आपली जुनी शाळा आठवा. कवेलूचं छप्पर, खाली लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंनी सताड उघड्या खिडक्या. तिथे कुणाचा आवाज घुमला? कवेलूंच्या फटीतून पावसाचं पाणी यायचं, तसा आवाज बाहेर जायचा. उघडी खिडकी म्हणजे आवाजासाठी भोक. गेला तो परत येत नाही. इथून जवळ सेवाग्रामला आदी निवासात किंवा बापू कुटीत जाऊन बसा. १९३६ नंतरची ही घरं: मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, खाली चटई. तिथे हळू बोलावंसं वाटतं ते केवळ आदरामुळे नाही. हळू बोललेलंही तिथे नीट कळतं. बोललेला शब्द पोचतो आणि विरतो.

मग आपण सुधारलो. स्लॅब आला, चकचकीत टाइल्स आल्या, सरकत्या काचा आल्या. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे जातो म्हणून त्या काचा बंद ठेवून कूलर लावला, म्हणजे आवाजाची एकुलती एक वाटही बुजवली आणि वर घरघर घातली. हे कुणा एकाचं चुकलं असं नाही. गावोगावी मंगल कार्यालयं, बँका, मंदिरांचे सभामंडप असेच झाले आहेत. संगमरवर बसवला त्या वर्षापासून कीर्तन कळेनासं झालं, हे वाक्य मी निदान चार गावांत ऐकलं आहे. आणि उपाय म्हणून प्रत्येक ठिकाणी आणखी दोन कर्णे!

या विषयाचं शास्त्र सुरू झालं तेच एका बिघडलेल्या हॉलपासून. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह असंच घुमत होतं. अध्यक्षांनी वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघा काय करता येतं. त्याच्याजवळ होती ऑर्गनची एक नळी, सेकंद मोजायचं घड्याळ आणि स्वतःचे कान. रात्री रस्ते निजले की तो शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, इथे मांडायचा, नळी वाजवून बंद करायचा, आणि आवाज किती वेळ ऐकू येतो ते मोजायचा. पहाटेच्या आत गाद्या परत जागेवर. रिकाम्या खोलीत आवाज साडेपाच सेकंदांहून थोडा जास्त रेंगाळायचा. गाद्या भरत नेल्या तसा तो सव्वा सेकंदाच्याही खाली आला. माणूस इतका काटेकोर की आपल्या अंगातल्या कपड्यांनीही आकडा बदलतो हे लक्षात आल्यावर त्याने आधीची हजारो निरीक्षणं बाद केली आणि पुढे मोजताना कायम तेच कपडे घातले. यातून त्याला नियम सापडला, आणि त्या नियमाच्या आधारे बांधलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली उघडला. तो आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो.

नियम इतका सोपा आहे की तो दहावीच्या पुस्तकात का नाही, असं मला नेहमी वाटतं. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा, आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. उत्तर येतं ते सेकंदांत: आवाजाची ऊर्जा दहा लाखाव्या भागावर यायला लागणारा वेळ. त्याला निनादकाल म्हणतात. शोषण मोजायचं एकक म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी. गुळगुळीत प्लास्टर किंवा टाइल शंभरातले तीन-चार भागच गिळते, बाकी परत फेकते. खुर्चीवर बसलेला मोठा माणूस मात्र एकटा जवळपास अर्ध्या चौरस मीटर खिडकीएवढं काम करतो.

काल मी हा हॉल मोजला. लांबी १८ मीटर, रुंदी १०, उंची ५. म्हणजे ९०० घनमीटर. ०.१६१ ने गुणलं की १४५. भिंती, छत, जमीन मिळून ६४० चौरस मीटर कडक पृष्ठभाग, त्यांचं शोषण जेमतेम २६. १४५ भागिले २६ म्हणजे साडेपाच सेकंद. फॉगच्या व्याख्यानगृहाएवढंच आलं, हा योगायोग मलाही मजेचा वाटला. आज आपण साठ जण आहोत. आपल्यामुळे २७ वाढले, एकूण ५३, म्हणजे पावणेतीन सेकंद. तेवढ्या वेळात माझा प्रत्येक शब्द दीडशेहून अधिक वेळा कुठे ना कुठे आपटतो. दोनशे माणसं भरली असती तर हाच हॉल सव्वा सेकंदावर आला असता. म्हणूनच उद्घाटनाच्या दिवशी, गच्च गर्दीत, कुणाची तक्रार नव्हती. तक्रार येते ती पालकसभेत, पाठांतर स्पर्धेत, तीस मुलांच्या नाटकाच्या तालमीत, म्हणजे शाळेला हॉल खरोखर लागतो तेव्हा.

भाषणासाठी आपल्याला हवा साधारण एक सेकंद. म्हणजे शोषण हवं १४५. साठ माणसं धरून आहे ५३. कमी पडतात ९२. चांगला शोषक ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आवाज गिळतो, तर असे तक्ते लागतील सुमारे ११० चौरस मीटर. मागची अख्खी भिंत ५० आणि छताचा एक तृतीयांश भाग ६०. एवढाच हिशेब आहे. सर, पायऱ्या सगळ्या दाखवल्या आहेत!

आकड्यांवर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून काल संध्याकाळी आम्ही चौघांनी सॅबिनचीच नक्कल केली. मंडपवाल्याकडून लग्नाच्या बिछायतीच्या साठ गाद्या उसन्या आणल्या. काही जमिनीवर, काही मागच्या भिंतीला टेकवून. आधी शिपाईकाकांच्या नातीने मंचावरून हजेरी वाचली, गाद्यांविना. मागच्या दाराशी आम्ही चौघांनी नावं लिहून घेतली. मग गाद्या लावून दुसऱ्या वर्गाची हजेरी. पहिल्या वेळी तीसपैकी माझी अकरा नावं बरोबर आली, दुसऱ्या वेळी सव्वीस. आणि दुसऱ्या वेळी ती पोर हळू बोलत होती, कारण तिला ओरडायची गरज वाटेना. मला त्या आकड्यांपेक्षा हे महत्त्वाचं वाटलं. ज्या बाईंनी आपल्याला वीस-पंचवीस वर्षं ओरडून भूगोल शिकवला, त्यांच्या घशाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे.

आता हे तक्ते कशाचे? सच्छिद्र, तंतुमय काहीही चालतं. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती तंतूंच्या जाळीत शिरली की घासते, दमते, किंचित उष्णता होऊन संपते. हवा आत शिरली पाहिजे, हीच अट. पारख सोपी: वस्तू तोंडाशी धरून फुंका. फुंकर पलीकडे गेली तर शोषक, नाही तर नाही. या पारखीत थर्माकोल नापास होतो. त्याचे दाणे बंद असतात. अंड्यांचे ट्रे जवळपास नापास; वरचा चरचरीत आवाज थोडा खातात, बाकी दिसायलाच गंमत. भिंतीला चिकटून लावलेला पातळ पॉलिएस्टरचा पडदा नापास. जाड, चुण्यांचा, भिंतीपासून वीतभर पुढे टांगलेला पडदा पास. आणि उत्तम तक्ते बसवून चार वर्षांनी कुणी त्यांच्यावर ऑइलपेंट मारला तर तेही नापास. छिद्रं बुजली की संपलं. हे मी एका सभागृहात डोळ्यांनी पाहिलं आहे. रंगाचं बिल वेगळं भरलं होतं!

मित्रहो, फुंकर आरपार जाणारा तंतू आपल्या जिल्ह्यात कुठे मिळेल, हे मी कापूस पिकवणाऱ्यांना काय सांगावं? हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, पिंजाऱ्याच्या दुकानात, घराघरांतल्या जुन्या गाद्यांत तो पडून आहे. पिंजलेल्या रुईचा पाच सेंटीमीटर जाडीचा थर, लाकडी चौकटीत, मागे दहा सेंटीमीटर पोकळी ठेवून बसवला की मध्यम आणि वरचा आवाज छान गिळतो. मागच्या भिंतीला सव्वा क्विंटलच्या आसपास रुई लागेल. सरकीसकट धरला तर साडेतीन क्विंटल कापूस, म्हणजे कोरडवाहू रानातलं अर्ध्या-पाऊण एकराचं पीक. वरून सैल विणीची खादी. आपल्याच गावात मगन संग्रहालय आहे, नैसर्गिक रंगांची खादी तिथे मिळते. कापड निवडताना रंग नंतर बघा, आधी फुंका.

छतासाठी मात्र मी रुई सुचवणार नाही. वर पंख्यांच्या वायरी आहेत. तिथे रॉकवूल घालावं; ते दगड वितळवून केलेलं असतं, पेटत नाही. भिंतीतली रुईसुद्धा टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यातून काढून पूर्ण वाळवावी आणि बसवण्याआधी एक तुकडा बाहेर मैदानात पेटवून बघावा. नुसता काळा पडून विझला पाहिजे. बाजारात करड्या रंगाचा, शंकूंचा फोम मिळतो, स्वस्त आणि देखणा. तो शाळेत नकोच. २००३ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबमध्ये मंचामागच्या असल्याच फोमवर फटाक्याची ठिणगी उडाली आणि शंभर माणसं गेली. स्नेहसंमेलनात आपली मुलं मंचावर काय काय पेटवतात ते आठवा.

आता अनुनादक. इथे आपल्या विज्ञानाच्या बाईंची परवानगी घेतो, कारण रिकाम्या बाटलीवर फुंकून 'भोंऽऽ' काढायला त्यांनीच शिकवलं. बाटलीत पाणी ओतत गेलो की तो सूर चढतो, आठवतं? बाटलीच्या गळ्यातली हवा हे वजन आणि पोटातली हवा ही स्प्रिंग. दोघं मिळून एका ठरावीक सुरावर झुलतात. पोट लहान झालं की स्प्रिंग कडक होते, सूर चढतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकात याचा नीट अभ्यास केला, म्हणून याला त्याचं नाव. बाटली स्वतः वाजते तसंच तिच्या सुराचा आवाज बाहेरून आला तर ती तो ओढून घेते आणि गळ्यातल्या घर्षणात जिरवते.

याची गरज पडते कारण रुई खर्जाला हरते. १००० हर्ट्झच्या लाटेची लांबी ३४ सेंटीमीटर. १०० हर्ट्झची तीन मीटर चाळीस. पाच सेंटीमीटरचा थर तिच्यापुढे चादरीएवढाही नाही. नुसते मऊ तक्ते लावले की वरचा आवाज विझतो, पण ढोलकीचा आणि पुरुषी आवाजाचा खालचा गडगडाट तसाच राहतो, आणि हॉल कानात दडा बसल्यासारखा वाटतो. अर्ध्यावर सोडलेली बरीच कामं इथे फसलेली असतात.

आपल्या कुंभाराचं दहा लिटरचं मडकं, तोंड आठ सेंटीमीटर, गळा तीन, असं धरून गणित केलं तर त्याचा सूर येतो १३० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पुरुषाच्या बोलण्याच्या मूळ पट्टीतला. सगळं जुळून आलं तर असं एक मडकं त्या एका सुरापुरतं एक चौरस मीटर उघड्या खिडकीचं काम करतं. मात्र त्या एकाच सुरापुरतं. गळ्यात सैल फडका कोंबला की पकड थोडी रुंदावते आणि जोर घटतो. रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसने नाट्यगृहांत काशाची भांडी ठेवायला सांगितलं, युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या भिंतींत मातीची भांडी चिणलेली सापडतात. ती आवाज वाढवतात, अशी त्यांची समजूत होती. वाढवत नाहीत, फार तर थोडा खर्ज खातात, आणि मूठभर भांड्यांनी एवढ्या मोठ्या वास्तूत फारसं काही होत नाही. म्हणून कुणी तुम्हाला मंचाखाली पाच मडकी पुरली की आवाज सुधारतो असं सांगितलं तर मडकी घ्या, पाणी प्यायला वापरा.

शेकडो मडक्यांऐवजी भोकांचं प्लायवूड घ्यावं. प्रत्येक भोक म्हणजे एक गळा, मागची पोकळी म्हणजे सामायिक पोट. आकाशवाणीचे जुने स्टुडिओ ज्यांनी आतून पाहिले असतील त्यांना भिंतींवरची ती भोकं आठवतील. सहा मिलीमीटरचं प्लाय, पाच मिलीमीटरची भोकं, दर पाच सेंटीमीटरवर एक, मागे दहा सेंटीमीटर पोकळी: याचा सूर येतो दीडशे हर्ट्झच्या जवळ. पोकळी कमीजास्त करून तो हलवता येतो. मागे रुईचा पातळ थर लावला की एका सुराऐवजी पट्टा मिळतो. हे प्लाय बाजूच्या दोन्ही भिंतींना खालच्या चार फुटांत बसवावं. मुलांचे बूट, दप्तरं, क्रिकेटची बॅट सोसेल असं तिथे तेवढंच काही टिकतं. आपले सुतारमित्र इथे बसलेत. भोकांची संख्या ऐकून त्यांचा चेहरा उतरला आहे, पण ते करतील. आणि समोरची, मंचामागची भिंत आणि मंचावरचं छत कडकच राहू द्यायचं. बोलणाऱ्याचा आवाज पुढे ढकलायला ते लागतात. सगळीकडे गाद्या लावणारे उत्साही लोकही असतात. तिथे मग मंचावरून बोलणं म्हणजे उशीत बोलणं. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० साली सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाच्या सल्ल्याने झालं. तिथे सतारीचा आवाज माइकशिवाय पोचावा असा विचार केला गेला. त्यासाठी काय गिळायचं याच्याइतकंच काय परत पाठवायचं हेही ठरवावं लागतं. सभागृहांसाठी आपल्याकडे भारतीय मानक २५२६ हे १९६३ पासून आहे. बांधकामाच्या आधी ते उघडलं तर या सगळ्याला फार थोडा खर्च येतो.

माझं खरं मागणं मात्र हॉलचं नाही. हॉल वर्षातून चाळीस दिवस वापरला जातो. वर्ग रोज सहा तास. नव्या इमारतीतली एक खोली मी मोजली: सात मीटर, सहा मीटर, उंची तीन मीटर तीस. पंचेचाळीस मुलं बसली तरी निनादकाल एक सेकंदाच्या वर. अमेरिकेतलं शाळांचं मानक एवढ्या वर्गासाठी ०.६ सेकंद सांगतं. लहान मुलांना घुमणाऱ्या खोलीत मोठ्यांपेक्षा कमी कळतं; गाळलेला शब्द अंदाजाने भरून काढायला भाषा आधी भरपूर यावी लागते. पाचवीत पहिल्यांदा शाळेच्या मराठीशी झगडणारं गोंडी बोलणाऱ्या घरातलं मूल, सर्दीने कान भरलेलं मूल, शेवटच्या बाकावरचं लाजाळू मूल, ही तीन मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि 'लक्ष नाही' हा शेरा बहुतेक वेळा त्यांच्याच वहीत पडतो. त्या खोलीला लागतं काय? अर्ध्या छताला तक्ते, वीस चौरस मीटर. एवढंच. स्लॅब तापतो त्यालाही थोडा आडोसा होईल.

तेव्हा समितीला विनंती: साउंड सिस्टिमच्या पैशातून आधी पाचवीची रस्त्याकडची खोली, मग सहावीची, मग हॉलची मागची भिंत. स्पीकर उरलेल्या पैशात घ्या, छोटे पुरतील. शाळेचं काम चालू असेल तेव्हा मापं घ्यायला मी दोन वेळा येईन, त्याचे पैसे लागणार नाहीत, जेवण लागेल.

आणि देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी करायची ठरलीच आहे, तर ती बाहेर व्हरांड्यात लावा. आत आणखी कडक पृष्ठभाग नको.